वाचकांचे प्रश्न : वासाची पारख आणि उशिरा लागलेला ध्यास

प्रश्न : एखाद्याचे आजारपण त्याच्या अंगाच्या वासावरून आधीच कळते, असे माझी मावशी सांगते. घरात सगळे ते हसण्यावारी नेतात. असे खरोखर असू शकते का?

उत्तर : असू शकते, मात्र मावशींच्या बाबतीत ते खरे आहे की नाही, हे पडताळल्याशिवाय सांगता येणार नाही. स्कॉटलंडमधील निवृत्त परिचारिका जॉय मिल्न यांना पतीच्या अंगाचा वास बदलून उग्र, कस्तुरीसारखा झाल्याचे जाणवले आणि त्यानंतर सुमारे १२ वर्षांनी पतीला पार्किन्सन्स (हातपाय थरथरणे, हालचाली मंदावणे अशी लक्षणे असलेला मेंदूचा आजार) असल्याचे निदान झाले. या दोन गोष्टींचा संबंध मात्र जॉय यांना खूप उशिरा, रुग्णांच्या एका मेळाव्यात तोच वास इतरांच्याही अंगाला आला तेव्हा उमगला. एडिंबरा विद्यापीठातील टिलो कुनाथ यांनी मग ६ रुग्णांनी आणि ६ निरोगी व्यक्तींनी वापरलेले टी-शर्ट जॉय यांच्यापुढे ठेवले. सहाही रुग्ण त्यांनी अचूक ओळखले, पण एका निरोगी व्यक्तीलाही रुग्ण ठरवले, आणि ती त्यांची चूक मानली गेली. सुमारे ८ महिन्यांनी त्याच व्यक्तीला पार्किन्सन्सचे निदान झाले! पुढे मँचेस्टर विद्यापीठातील पर्डिटा बॅरन यांच्या गटाने त्वचेच्या तेलकट स्रावात या वासाशी निगडित रसायने शोधली आणि २०१९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले.

मला या हकिगतीत नाकाइतकेच महत्त्वाचे वाटते ते हे, की जॉय यांचे उत्तर आधी नोंदले गेले आणि निदान नंतर झाले. मावशींनीही वास जाणवताच तारीख घालून वहीत लिहावे, आणि चुकलेले अंदाज खोडू नयेत. एरवी खरे ठरलेले तेवढेच आठवणीत राहतात. कोणाला तोंडावर आजारी ठरवणे मात्र टाळावे.

प्रश्न : चाळिशीनंतर एखाद्या कामाचा ध्यास लागला, तर फार उशीर झाला असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. फ्रान्समधील पोस्टमन फेर्दिनां शेव्हाल यांना १८७९ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, टपालाच्या फेरीवर एका विचित्र आकाराच्या दगडाची ठेच लागली. तेथून पुढे ३३ वर्षे, बांधकामाचे कसलेही शिक्षण नसताना, ते एकट्याने दगडांचा महाल रचत राहिले. सरकारने १९६९ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. निवृत्तीपर्यंत टपालाची नोकरी त्यांनी सोडली नव्हती. दगड आधी खिशातून, मग टोपलीतून आणि शेवटी हातगाडीवरून घरी येत असत.