सातव्या महिन्यापासून सुलभ बाळंतपणाच्या होमिओपॅथी गोळ्या घेऊ का?

ताई, तुम्ही विचारलंय: खानापूरच्या आतल्या गावात तुमचं सासर, पहिलीच खेप, आणि सासूबाई म्हणतात बीसी २६ (बायो-कॉम्बिनेशन, म्हणजे क्षारांच्या मिश्रणाच्या गोळ्या) आत्तापासून, कळा आल्या की कॉलोफायलम, सुटका झाली की आर्निका. मी निपाणीची. थोरल्याच्या वेळी हे तिन्ही घेतलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

बीसी २६ नं काही बिघडत नाही. चार क्षार, तेही ३ एक्स, म्हणजे हजारात एक भाग. बाकी दुधाची साखर. मात्र 'यात कॅल्शियम आहेच की' म्हणून सरकारी गोळ्या सोडू नका (आमच्याकडे सोडल्या होत्या). त्या ५०० मिलिग्रॅमच्या, दिवसाला दोन असतात.

कॉलोफायलमच्या बाटलीवर काय छापलंय ते आधी वाचा. २०० असेल तर ते इतक्या वेळा पातळ केलेलं असतं की त्यात मूळ वनस्पतीचं काहीच उरलेलं नसतं. त्यानं कळाही वाढत नाहीत. पण 'मदर टिंचर' किंवा 'क्यू' असेल तर तो मुळीचा खरा अर्क, अल्कोहोलमधला. ही मुळी घेतलेल्या आईच्या बाळाचं हृदय निकामी झाल्याची नोंद १९९८ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. ते तोंडालाही लावू नका. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात.

आता आर्निका. माझं माहेरी सातव्या दिवशी अंगावरून पुन्हा लालभडक जायला लागलं. आत्या म्हणाली, आतून मुका मार बसलाय, आर्निकानं थांबेल. तासातासाला चार गोळ्या. दुपारपर्यंत मला उठून बसवेना. बाळाचं वजन करायला आशाताई आल्या, माझा चेहरा बघितला आणि तिथूनच १०८ ला फोन लावला. वारेचा तुकडा आत राहिला होता. रक्त चढवावं लागलं. आत्यानं मायेनंच दिल्या होत्या गोळ्या, त्यांनी अपायही केला नाही. पण अख्खी सकाळ गेली.

आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ मध्ये १६२० बायकांवर एक चाचणी झाली. बाळ जन्मताच नर्सबाई निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉल (रक्तस्राव रोखणारी खरी औषधाची गोळी) द्यायच्या, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. अति रक्तस्राव शंभरात १२ जणींवरून सहांवर आला. ती गोळी स्वतःहून घ्यायची नाही हं, पोटात बाळ असताना तर मुळीच नाही. दवाखान्यात त्याच कामासाठी बहुतेक ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. 'बाळ झाल्याबरोबर मला ते मिळेल ना?' असं आत्ताच विचारून ठेवा.

सासूबाईंशी भांडू नका. २०० ची बाटली उशाशी राहू दे. पण तारीख पावसाळ्यातली असेल आणि ओढ्याला पाणी चढत असेल, तर आठ दिवस आधीच तायी कार्ड (गरोदरपणाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) घेऊन खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडे या. आणि घरी परतल्यावर तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, तर कुणाला न विचारता १०८.