कानावरची वाटी : उघडी की मिटलेली?

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. निवृत्तीनंतर दररोज तीन तास ख्याल ऐकणे हा माझा नेम आहे. जुन्या कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेतलेला माझा संग्रह बराच मोठा आहे. आमच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना असल्यामुळे दिवसभर धोट्याची खटखट चालू असते; रात्री ऐकावे, तर त्याच खोलीत पत्नी झोपलेली असते. पुण्यात राहणारा भाचा म्हणतो, ‘मामा, संगीतासाठी ओपन-बॅक हेडफोनच घ्या, बंद हेडफोनमध्ये आवाज कोंडतो.’ दुकानदार मात्र बंद प्रकारचेच दाखवतो. मी कोणाचे ऐकावे? — एक वाचक

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे चुकीचे नाही; परंतु ते शांत खोलीत बसणाऱ्या श्रोत्याला लागू पडणारे आहे आणि आपली खोली तशी नाही. हेडफोनमधला पडदा थरथरतो तेव्हा जितका ध्वनी कानाच्या दिशेने जातो, जवळपास तितकाच तो मागच्या बाजूलाही फेकला जातो. या मागच्या ध्वनीचे काय करायचे, एवढाच उघड्या आणि बंद हेडफोनमधला मूळ भेद आहे. उघड्या हेडफोनच्या वाटीला मागून जाळी असते आणि त्या जाळीतून तो ध्वनी बाहेर निघून जातो. बंद वाटीत तो अडतो, आतल्या भिंतीवर आपटतो आणि त्याचा काही अंश क्षणभराने परत येऊन मूळ सुरात मिसळतो. चांगले उत्पादक आत नमदा किंवा फोम बसवून हा परतीचा ध्वनी शोषून घेतात. स्वस्त हेडफोनमध्ये ती काळजी घेतलेली नसते आणि मग गवई घागरीत तोंड घालून गात असल्याचा भास होतो. भाच्याला ‘कोंडतो’ म्हणायचे आहे ते हेच.

हा कोंडमारा टाळणारा पहिला उघडा हेडफोन, एचडी 414, सेनहायझर या जर्मन कंपनीने 1968 साली बाजारात आणला. त्याच्या कानावर पिवळ्या फोमची साधी चकती असे. तो वजनाला हलका होता आणि अफाट खपला. तेव्हापासून घरी बसून गाणे ऐकणाऱ्यांमध्ये उघड्या हेडफोनची जी प्रतिष्ठा आहे, ती अनाठायी नाही.

मात्र या प्रतिष्ठेतला मोठा वाटा ‘ऐसपैसपणा’चा आहे आणि तो आपल्या संग्रहाच्या बाबतीत कितपत पदरात पडेल, याचा विचार करावा. वाद्ये डोक्याच्या बाहेर, डावीउजवीकडे पसरल्यासारखी वाटणे हे बरेचसे स्टिरिओ ध्वनिमुद्रणावर अवलंबून असते. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे बहुधा मोनो असतात, म्हणजे दोन्ही कानांत एकच ध्वनी जातो. अशा वेळी गायक, तबला आणि तानपुरे असे सगळेच डोक्याच्या मध्यभागी येऊन बसतात, मग वाटी उघडी असो वा बंद. उघड्या हेडफोनचा मोकळा, न दबलेला स्वर आपल्याला मिळेल हे खरे. पण ज्या रुंदीसाठी लोक पैसे मोजतात ती फारशी मिळणार नाही.

उघड्या हेडफोनविरुद्ध सांगितला जाणारा खर्ज पातळ असल्याचा दोष मात्र मी आपल्या बाबतीत फारसा मोजणार नाही. मागचा ध्वनी मोकळा सुटल्यामुळे त्यांत अगदी खालच्या पट्टीतला जोर कमी पडतो, हे खरे आहे. परंतु काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर बोलते, आणि चांगला उघडा हेडफोन तिथपर्यंत व्यवस्थित पोहोचतो. ज्या पट्टीत तो खरोखर कमी पडतो, ती पट्टी नव्या चित्रपटगीतांतल्या इलेक्ट्रॉनिक ठोक्यांची आहे.

खरा अडसर आहे तो धोट्याचा. उघडी वाटी बाहेरचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत येऊ देते; त्यावर मात करण्यासाठी माणूस नकळत आवाज वाढवतो, आणि विलंबित ख्यालाच्या सुरुवातीचा हळुवार आलाप ऐकू यावा म्हणून वाढवलेला आवाज द्रुतातल्या तानांच्या वेळी कानठळ्या बसवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी 80 डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकणे सुरक्षित मानले जाते आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 83 डेसिबलला 20 तास, 89 डेसिबलला अवघे 5 तास. आपले रोजचे तीन तास म्हणजे आठवड्याचे 21 तास होतात. हा हिशेब 83 डेसिबललाच मर्यादा ओलांडतो.

बंद वाटी येथे उपयोगी पडते, आणि आपल्या सुदैवाने नेमक्या आपल्याच त्रासावर अधिक उपयोगी पडते. कानाभोवतीची गादी मधल्या आणि वरच्या पट्टीतला आवाज चांगला अडवते, खालचा घरघराट तितकासा अडवत नाही. धोट्याची खटखट तीक्ष्ण असल्यामुळे ती बरीच बोथट होईल. मागाच्या मोटारीचा आणि उन्हाळ्यात कूलरचा घुमारा मात्र थोडाफार उरेल. गोंगाट शमवणारे बॅटरीवरचे हेडफोन याच्या नेमके उलट वागतात : ते घरघर छान पुसतात, पण अचानक होणाऱ्या खटखटीपुढे त्यांचे फारसे चालत नाही. तेव्हा त्यांच्यावर जास्तीचे पैसे घालू नयेत. राहिला पत्नीच्या झोपेचा प्रश्न. उघडा हेडफोन हा कानाला लावलेला लहानसा स्पीकरच असतो. रात्री अकराच्या शांततेत शेजारच्या खाटेवरून आपली सम त्यांनाही मोजता येईल.

म्हणून माझे मत दुकानदाराच्या बाजूने आहे, जरी त्याचे कारण बहुधा त्याच्याकडचा माल हेच असेल. नावेच हवी असल्यास ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम40एक्स आणि बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हे दोन बंद हेडफोन ऐकून पाहावेत. दुसऱ्याची गादी मखमलीसारख्या कापडाची आहे आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या वर जातो तेव्हा या गोष्टीचे मोल कळते. परंतु त्याचा वरचा स्वर धारदार असल्यामुळे कॅसेटची सूंसूं जास्त पुढे येते. आपला संग्रह पाहता माझा कल पहिल्याकडे आहे, घाम येईल हे मान्य करूनही. आपण चष्मा वापरत असाल तर दुकानात तो डोळ्यांवर ठेवूनच हेडफोन लावून पाहावा, कारण काडीमुळे गादीखाली फट राहिली की बंद हेडफोनचा खर्ज तेथूनच निसटतो. आणि दुकानदाराचे चकचकीत गाणे न ऐकता आपलीच एखादी खरखरीत मैफल सोबत न्यावी.

प्रश्न : जुळे सोलापुरात माझी स्वतंत्र खोली आहे आणि रात्री तेथे अगदी शांतता असते. मला एक वापरलेला 300 ओहमचा उघडा हेडफोन मिळत आहे. तो मोबाइलवर चालेल का? — एक वाचक

उत्तर : आपल्या खोलीसाठी उघडा हेडफोनच योग्य आहे. अडचण आहे ती मोबाइलची. ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो त्या विरोधाचे माप; ते जितके जास्त, तितकी त्याच व्होल्टला शक्ती कमी मिळते. मोबाइलला जोडायचा छोटा अडॅप्टर जास्तीत जास्त 1 व्होल्ट देतो असे धरले, तर 32 ओहमच्या हेडफोनला सुमारे 31 मिलिवॅट शक्ती मिळते आणि 300 ओहमच्या हेडफोनला फक्त 3.3 मिलिवॅट. मोठ्या आवाजात मुद्रित केलेली आजची गाणी त्यावरही भागतील. हळू मुद्रित झालेल्या शास्त्रीय संगीताला आवाज पूर्ण वाढवूनही जीव अपुरा वाटेल. सोबत छोटा अॅम्प्लिफायर घेण्याची तयारी असेल तरच हा सौदा करावा. केवळ ओहमचा आकडा पाहून मात्र फसू नये. कमी ओहमचे काही प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याच्या) प्रकारचे उघडे हेडफोनही भरपूर शक्ती मागतात, म्हणून संवेदनशीलतेचा, म्हणजे ठराविक शक्तीवर हेडफोन किती मोठा वाजतो याचा, आकडाही पाहावा.

प्रश्न : माझ्या बंद हेडफोनच्या गादीचे काळे पापुद्रे निघून ते कानाला चिकटतात. कापडी गाद्या बसवल्या तर चालतील का? — एक वाचक

उत्तर : हे पापुद्रे कृत्रिम कातड्याचे असतात आणि घाम व डोक्याचे खोबरेल तेल मिळून ते लवकर सोलवटतात. कापडी गाद्या कानाला सुखावह असतात, परंतु ज्या हेडफोनची रचना कातडी गादी धरून केलेली आहे, त्यात कापडातून हवा निसटून खर्ज कमी होतो आणि बाहेरचा आवाजही थोडा अधिक आत येतो. शक्यतो मूळ कंपनीच्याच गाद्या घ्याव्यात, ऐकून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसून ठेवाव्यात आणि तेल लावलेल्या दिवशी स्पीकरवर ऐकावे.