युरोपातल्या नंबरप्लेट वाचायला शिकताय? सुरुवात इथून करा

गाडी कुठली हे प्लेटवरून ओळखायचा नाद तुम्हालाही लागला, फार बरं वाटलं! सगळे देश एकदम पाठ करू नका. आधी डावीकडची निळी पट्टी बघा. युरोपियन युनियनच्या गाड्यांवर तिथे बारा ताऱ्यांखाली देशाचं अक्षर असतं.

नवखे इथेच फसतात, कारण अक्षर बहुतेकदा देशाच्या स्वतःच्या भाषेतल्या नावावरून येतं:
- 'डी' म्हणजे जर्मनी (डॉइचलांड), डेन्मार्क नव्हे
- 'ई' म्हणजे स्पेन (एस्पान्या)
- 'एचआर' म्हणजे क्रोएशिया (ह्र्वात्स्का)

मग फक्त जर्मनी पक्का करा, सगळ्यात जास्त मजा तिथेच आहे. पहिली एक ते तीन अक्षरं नोंदणीचं शहर किंवा जिल्हा सांगतात: 'बी' बर्लिन, 'एम' म्युनिक. हॅम्बुर्गचं 'एचएच' मात्र 'हान्सेश्टाट हॅम्बुर्ग'चं, म्हणजे जुन्या हान्सा व्यापारी संघाची आठवण! पण 2015 पासून जिल्हा बदलला तरी जुनी प्लेट ठेवता येते, त्यामुळे मालक तिथेच राहतो असं धरू नका.

फ्रान्समध्येही तेच. 2009 नंतरच्या प्लेटवर उजवीकडचा विभागाचा आकडा मालक स्वतः निवडतो. 75 दिसलं म्हणून गाडी पॅरिसचीच, असं नाही.

पिवळी प्लेट दिसली की लगेच नेदरलँड्स म्हणू नका, लक्झेंबर्गचीही पिवळीच असते. पट्टीवरचं अक्षर वाचा.