हात थरथरत असतील तर एकट्याने, एकदम बंद करू नका

तुम्ही लिहिलंय की रोजची १८० मिली दारू आता ३६० वर गेली आहे. सकाळी उठल्यावर बोटं थरथरतात, रक्ताच्या तपासणीत जीजीटी, म्हणजे यकृतावरचा ताण दाखवणारं एन्झाइम, वाढलेलं आलंय, डॉक्टर ‘थोडी कमी करा’ म्हणाले. आणि येत्या सोमवारपासून कोणालाही न सांगता एकदम बंद करायचं तुम्ही ठरवलंय. झालेलं नुकसान भरून निघतं का, हेही विचारलंय.

ठरवलंत हे फार चांगलं केलंत. पण ‘कोणालाही न सांगता’ आणि ‘एकदम’ हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून नुकसानाचं नंतर सांगतो, आधी सोमवारचं.

मी नऊ वर्षांपूर्वी सोडली. त्याच्या दीड वर्ष आधी जिन्यावरून पडून माझा पाय मोडला आणि शस्त्रक्रियेसाठी मला भरती केलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, दारू घेता का? मी म्हणालो, कधीतरी, एखाद-दुसरा पेग. रोज अर्धी बाटली चालली होती. शस्त्रक्रिया नीट झाली. तिसऱ्या रात्री मला चादरीवर मुंग्या दिसू लागल्या. मी त्या एकेक करून वेचत होतो आणि बायकोला सांगत होतो की तुझ्या बाहीवर चढतायत बघ. मग सलाइन उपटली, मोडक्या पायावर उठायला गेलो, शेवटी हात बांधावे लागले. अंगात ताप, घामाने कपडे ओले, मी कुठे आहे ते मला सांगता येईना. डॉक्टर शस्त्रक्रियेनंतरचा संसर्ग शोधत होते, कारण मी त्यांना दुसरं काही शोधायला जागाच ठेवली नव्हती. पहाटे बायकोने खरा आकडा सांगितला आणि तिथून योग्य उपचार सुरू झाले. यातलं बरंचसं मला तिच्याकडूनच कळलं. मला आठवतात त्या फक्त मुंग्या.

याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. शेवटच्या घोटानंतर साधारण दोन ते चार दिवसांत ते होतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. दारू सोडणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही. पण थरथर, घाम, मळमळ, धडधड सहा ते बारा तासांत सुरू होते, आणि आकडी यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच येते.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे ही मनाच्या कमकुवतपणाची गोष्ट नाही हे पटेल. दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा, म्हणजे गाबाचा, परिणाम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. रोज असं होऊ लागलं की मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो. रस्सीखेच चालल्यासारखं. वर्षानुवर्षं दोन्हीकडून दोर ताणलेला असतो आणि एका दिवशी समोरचा दोर सोडून देतो. मेंदू स्वतःच्याच जोराने कोलमडतो. तुमची सकाळची थरथर ही त्याचीच छोटी आवृत्ती आहे. ४० टक्के तीव्रतेच्या ३६० मिलीमध्ये सुमारे ११४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच जाळतं, रोज पिणाऱ्याचं थोडं जास्त. म्हणजे सकाळी हात थरथरतात तेव्हा बहुधा तुमच्या रक्तात अजून दारू असते. ती नुसती उतरायला लागली तर ही अवस्था आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी वेळेवर सांगितली नाही. तुम्ही लिहिलंय की या वर्षात तुम्ही तीनदा दोन-तीन दिवस बंद केली आणि पुन्हा सुरू केली. असं सोडणं-धरणं जितक्या वेळा होतं तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जाऊ शकतो. पहिल्यांदा फक्त झोप उडते, पुढे कधीतरी आकडी येते. ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ हा हिशेब इथे चालत नाही.

म्हणून सोमवारी दारू बंद करण्याऐवजी सोमवारी डॉक्टरकडे जा. मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्तीचं काम करणारे डॉक्टर असतील तर उत्तम, नसतील तर चांगले फिजिशियन. पहिले पाच-सात दिवस ते बेंझोडायझेपाइन गटातली, म्हणजे मेंदू शांत करणारी, औषधं ठरावीक प्रमाणात देतात आणि दररोज कमी करत नेतात. ही औषधं कोणाच्या सांगण्यावरून स्वतः आणून घेऊ नका. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो, आणि त्यांचीही सवय लागते. काहींचं घरी राहून भागतं, काहींना भरती व्हावं लागतं. आधी आकडी आलेली असेल, भास झालेले असतील, सकाळी उताऱ्याशिवाय, म्हणजे थरथर थांबवायच्या घोटाशिवाय, चालत नसेल, तर भरती होणंच बरं. डॉक्टर मिळायला दोन दिवस उशीर झाला तर तेवढ्या दोन दिवसांसाठी एकदम तोडू नका. दारू सोडवायला बसलेला माणूस हे सांगतोय, विचित्र वाटेल, पण ते तसंच आहे.

आणि थायमिन. म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. जास्त पिणाऱ्याचं खाणं कमी होतं, आतडं ते नीट शोषत नाही, साठा संपतो. मग एखाद्या दिवशी तोल जातो, नजर स्थिर राहत नाही, माणूस गोंधळतो. हे वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्ये नोंदवून ठेवलंय. वेळेत भरपूर थायमिन दिलं तर माणूस सावरतो. चुकलं तर नव्या आठवणी साठवण्याची ताकद कायमची जाऊ शकते. पोषण खालावलेल्या पिणाऱ्याला ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन द्यावं, ही डॉक्टरांची जुनी शिकवण आहे. तुम्ही स्वतःहून विचारा, ‘मला थायमिन लागेल का?’ विचारण्यात कमीपणा नाही.

आता नुकसानाबद्दल.

जीजीटी वाढलंय म्हणून तुम्ही घाबरलात, पण मला जास्त भीती तपासणी नॉर्मल येणाऱ्यांची वाटते. माझे एसजीओटी, एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे बरीच वर्षं मर्यादेच्या आसपास होते आणि तो कागद मी परवान्यासारखा वापरला. यकृत बरंच खराब झालेलं असतानाही हे आकडे जवळपास नॉर्मल येऊ शकतात. तुमच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, वाढलेलं आहे का आणि एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे का, ते बघा. दोन्ही खुणा दारूकडे बोट दाखवतात. सोनोग्राफी करा, जमल्यास फायब्रोस्कॅनही, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी.

यकृतात नुसती चरबी साठलेली असेल तर पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत ती उतरते. जीजीटीही त्याच सुमारास खाली येऊ लागतं. एमसीव्हीला तीन-चार महिने लागतात, कारण तांबड्या पेशींचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं. रक्तदाब बऱ्याच जणांचा पहिल्याच महिन्यात खाली येतो. माझी छातीतली जळजळ दोन आठवड्यांत गेली. तळपायांची आग मात्र वर्षभर राहिली, आणि डाव्या अंगठ्याची बधिरता अजून आहे. नसा हळू भरून येतात आणि सगळ्या येत नाहीत. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होण्याच्या आजारात, पडलेले व्रण बहुतेक तसेच राहतात, तरीही त्या टप्प्यावर सोडणाऱ्याचं आयुष्य वाढतं, म्हणून ‘आता काय उपयोग’ असं कोणत्याच टप्प्यावर नसतं. कर्करोगाचं लोक बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्त्रियांमध्ये स्तन. धोका बंद केल्यावर कमी होत जातो, पण त्याला वर्षं लागतात.

झोपेबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण पुष्कळ जण इथेच परततात. दारूने झोप लागते असं वाटतं, पण ती स्वप्नांची झोप दाबते आणि उत्तररात्री जाग आणते. सोडल्यावर सुरुवातीला झोप आणखी बिघडते. काही आठवडे, कधी काही महिने. प्यायल्याची स्वप्नं पडतात, इतकी खरी की उठून स्वतःच्या तोंडाचा वास घ्यावासा वाटतो. ती पडली म्हणजे तुम्ही हरलात असं नाही. गोड खावंसं वाटेल, खा.

‘कमी करा’ या सल्ल्याविषयी माझं मत स्पष्ट आहे. सकाळी हात थरथरणाऱ्या माणसासाठी कमी करणं हा मुक्काम नाही. मी फक्त शनिवारी, फक्त बाहेर, फक्त बिअर असे सगळे नियम करून पाहिले. पाच टक्क्यांच्या ५०० मिली बिअरमध्ये २० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलीचे दोन पेग. मी तीन कॅन पिऊन ‘आज दारू नाही घेतली’ म्हणायचो आणि मला ते खरं वाटायचं. तिसऱ्या पेगला थांबणं मला कधीच जमलं नाही. पहिला न घेणं जमलं.

तलफ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. ती पुरेशी वापरली जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. यकृत, मूत्रपिंडं आणि चालू असलेली वेदनाशामकं बघून डॉक्टर ठरवतील. डायसल्फिरॅमचं वेगळं आहे. ते घेऊन दारू प्यायली तर विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड अंगात साचतं, चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. घरचं कोणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगतो, पिणाऱ्याच्या जेवणात त्याला न कळू देता असलं काही मिसळू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

सोडण्याचा निर्णय कसा झाला, हेही विचारलंत. मुंग्यांच्या त्या रात्रीने मी सुधारलो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. घरी आल्यावर पाच आठवड्यांत पुन्हा सुरू केली. सोडण्याचा निर्णय एका साध्या दिवशी झाला. सकाळी सही करताना माझा हात थरथरायचा, म्हणून मुलीच्या शाळेचे कागद मी ‘संध्याकाळी करतो’ म्हणून बाजूला ठेवायचो. संध्याकाळी दोन पेगनंतर हात स्थिर व्हायचा. एकदा तिच्या दप्तरात एक कागद सापडला, त्यावर माझी सही होती आणि ती मी केलेली नव्हती. तेरा वर्षांची होती ती. माझी सही करायला शिकली होती, कारण सकाळी माझ्याकडे मागणं तिने सोडून दिलं होतं. मी तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो आणि पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. म्हणून सगळं गमावेपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. तुम्ही प्रश्न विचारलात, तुमच्यासाठी ती वेळ आलेली असू शकते.

मला पुढे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांनी धरून ठेवलं. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांशी बोलत सुरू केलेलं ते काम आहे, फी नाही, नाव सांगावं लागत नाही. तिथली भाषा सगळ्यांना रुचत नाही. नाही रुचली तर समुपदेशक बघा, दुसरा गट बघा. पण एकटे राहू नका.

बायकोला सांगू का, असं शेवटी विचारलंत. आज रात्रीच सांगा. बाटल्या कुठे असतात ते तिला बहुधा माहीत आहे. एका कागदावर खरं प्रमाण, शेवटचा घोट किती वाजता, कधी आकडी आली होती का आणि चालू असलेली औषधं लिहा. त्याची एक प्रत तिच्याकडे द्या, कारण गरज पडली तेव्हा तुम्ही बोलू शकाल याची खात्री नाही. आकडी, भास, गोंधळ, ताप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता तिने तुम्हाला रुग्णालयात न्यायचं. आणि पहिल्या चार रात्री घरात कोणीतरी तुमच्याजवळ असायला हवं. कोण थांबणार ते सोमवारच्या आत ठरवून घ्या.