गडाच्या पायथ्याला गाडी लावताना

कन्नडजवळचा अंतूर किल्ला असो की पितळखोऱ्याची लेणी, गाडी लावून तुम्ही तीन-चार तास दिसेनासे होणार, हे बघणाऱ्या चोराला लगेच कळतं. त्यामुळे सामानाची आवराआवर पायथ्याला करूच नका. लॅपटॉप, जास्तीच्या बॅगा कन्नडलाच, गाडी थांबवून डिकीत टाका. पायथ्याला डिकी उघडून सॅक ठेवली, म्हणजे माल कुठंय ते तुम्हीच दाखवलं. हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडली की आतूनच डिकीत हात जातो, म्हणून खरी मोलाची वस्तू मुळात घरीच ठेवलेली बरी.

दाराची काच टफन्ड असते. एका फटक्यात तिचा चुरा होतो, दहा सेकंदांचं काम. सीटवरची रिकामी पिशवी किंवा लोंबणारी चार्जरची वायरसुद्धा चोराला मोहात पाडायला पुरेशी असते. डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करून उघडाच ठेवा. आरसी डिजिलॉकरमध्ये चालते, मूळ कागद कशाला नेता? रिमोटने लॉक केल्यावर हँडल ओढून बघा, हे फार जण विसरतात.

जागा निवडताना सावलीपेक्षा माणसांची वर्दळ बघा. चहाच्या टपरीसमोर, वस्तीतल्या कुणाला सांगून, चार पैसे देऊन लावलेली गाडी झाडीतल्या गाडीपेक्षा कितीतरी सुरक्षित.

तरीही काच फुटलीच, तर आधी फोटो, मग पोलिसांसाठी 112 ला फोन. पोलिसांनी हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार, मागा. गाडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात (नुसत्या थर्ड पार्टीत नाही) काच बसते, पण आतलं सामान सहसा बसत नाही.