पैसा कुठे गेला ते आधी बघा

प्रश्न असा आहे की रामसे बंधूंचे सगळे हिंदी भयपट बघून झाले, ‘ईव्हिल डेड’ तोंडपाठ आहे, आता ऐंशीच्या दशकातले कुणी फारशी नावंही न घेतलेले, पैशांच्या चणचणीत काढलेले इंग्रजी भयपट सुचवा. त्याखाली एकांनी लिहिलंय की असले सिनेमे टुकारच असतात, चार मित्र आणि बिअर जमली तरच लावावेत. नावं सांगतो, पण आधी या बिअरवाल्या मताशी थोडं भांडतो.

‘इतका वाईट की मजा येते’ हा शेरा मला पटत नाही. त्या मजेला वीस मिनिटांचं आयुष्य असतं. पुढचा तासभर माणूस मोबाइल बघत बसतो आणि नंतर सांगताना मात्र ‘काय धमाल आली’ म्हणतो. माझी कसोटी साधी आहे: निर्मात्याच्या खिशात जे चार पैसे होते ते त्याने कशावर घातले? सगळीकडे थोडे थोडे शिंपडले असतील तर सिनेमा हमखास रटाळ निघतो. एकाच गोष्टीवर लावले असतील, मग तो राक्षस असो, जागा असो की एखादी कसलेली नटी, तर बाकी सगळं लंगडं असलं तरी चित्रपट उभा राहतो.

एवढे सिनेमे निघाले कुठून, हेही थोडक्यात. ‘हॅलोवीन’ १९७८ साली सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास तयार झाला आणि त्याने कोट्यवधी कमावले. दोन वर्षांनी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने साडेपाच लाखांत तेच करून दाखवलं. त्यात व्हीसीआर आला. गल्लोगल्ली व्हिडिओची दुकानं निघाली आणि त्यांना फळ्या भरायला माल हवा होता. आपल्याकडेही टीव्हीसकट व्हीसीआर रात्रीच्या भाड्याने आणून, एका रात्रीत तीन-तीन कॅसेटी संपवायचा तोच काळ. गिऱ्हाईक कॅसेट उचलायचं ते वेष्टनावरचं चित्र बघून, त्यामुळे आत काय आहे याची फिकीर बऱ्याच जणांनी केलीच नाही. पण ज्यांनी केली त्यांचं काम बघा.

सुरुवात ‘द डेडली स्पॉन’पासून करा (१९८३). न्यू जर्सीतली हौशी मंडळी, १६ मिमीच्या स्वस्त, अरुंद फिल्मचा कॅमेरा, शनिवार-रविवारचं शूटिंग आणि एकूण खर्च सुमारे २५ हजार डॉलर. दिग्दर्शक डग्लस मॅककिओन. खरा हिरो मात्र जॉन डॉड्स, कारण राक्षस त्याने बनवला. घर कुणाचं? टिम हिल्डेब्रांट या चित्रकाराचं. ‘स्टार वॉर्स’चं एक गाजलेलं पोस्टर ज्या दोन भावांनी रंगवलं त्यांतला हा एक. सिनेमातला मुख्य मुलगाही त्याचाच पोरगा. म्हणजे जागा फुकट, नट घरचा, आणि उरलेला पैसा गेला तो थेट राक्षसाच्या दातांत.

आणि काय दात आहेत! उल्केतून पडलेलं काहीतरी एका घराच्या तळघरात वाढतंय. बाहेर धो धो पाऊस, तळघरात घोट्याएवढं पाणी, आणि त्या पाण्यात तीन तोंडांचा, दातांच्या रांगाच रांगा असलेला एक लिबलिबीत प्राणी. आईवडील पहिल्या काही मिनिटांतच कामी येतात. मग तो भुताखेतांच्या पुस्तकांवर वाढलेला मुलगा खाली उतरतो आणि हे ध्यान त्याला समोर दिसतं. इतर कुठल्याही सिनेमात पोरगं किंचाळलं असतं. इथे तो जागच्या जागी थिजतो, बघतो, आणि हळूहळू त्याच्या लक्षात येतं की याला दिसत नाही, हा आवाजावर येतो. पुढची काही मिनिटं आपणही श्वास रोखून बसतो. भीती दाखवायला इथे संगीताचे ठणाणा ठोके लागत नाहीत, मुलाचा चेहरा पुरतो.

याच सिनेमात शाकाहारी आजीबाईंची एक जेवणाची पंगत आहे आणि तिथे राक्षसाची पिल्लं घुसतात. आजीबाई ज्या निकराने लढतात ते बघून मी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवतो. मधला भाग मात्र सुस्त आहे. कॉलेजातली मुलं ‘हा प्राणी कुठल्या वर्गातला’ यावर जरा जास्तच चर्चासत्र भरवतात. तेवढं सोसा. आणखी एक, यात कोण जगणार याचा अंदाज बांधू नका, तोंडघशी पडाल. वितरकाने पुढे हाच सिनेमा ‘रिटर्न ऑफ द एलियन्स’ असं नाव चिकटवून ‘एलियन’च्या भरवशावर खपवायचा प्रयत्न केला, त्यामुळे जुन्या कॅसेटवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

दुसरा ‘बास्केट केस’ (१९८२). हा जाणकारांत प्रसिद्ध आहे, पण आपल्याकडे अजून कमीच जणांनी पाहिलाय. फ्रँक हेनेनलॉटरने न्यूयॉर्कमध्ये साधारण ३५ हजार डॉलरमध्ये काढला. एक भोळसट तरुण वेताची पेटी काखोटीला मारून टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका कळकट हॉटेलात उतरतो. पेटीत त्याचा भाऊ आहे. जन्मतः जुळलेला, नंतर डॉक्टरांनी कापून वेगळा केलेला, हातपाय-चेहरा कसाबसा असलेला मांसाचा गोळा. दोघं त्या डॉक्टरांवर सूड उगवायला निघालेत. सुरुवातीला तरुण खोलीचं भाडं द्यायला नोटांचं बंडल बाहेर काढतो. ते बंडल म्हणजे त्या वेळी हाताशी असलेलं सिनेमाचं सगळं भांडवल होतं असं सांगतात. शेवटच्या नामावलीतली बरीच नावं खोटी आहेत, कारण काम करणारी माणसं मूठभर आणि तीच तीच नावं पुन्हा लिहायला लाज वाटत होती.

राक्षस म्हणून बघितलं तर तो गोळा रबरीच दिसतो. एका प्रसंगात तो खोलीत चिडून आदळआपट करतो, तेव्हा बाहुली एकेक चौकट हलवून केलेलं अ‍ॅनिमेशन इतकं कच्चं आहे की हसू फुटतं. मग पैसा गेला कुठे? जागेवर, आणि तीही फुकटात. त्या काळातली ४२वी गल्ली, तिथली रात्रभर चालणारी थिएटरं, दिव्यांच्या पाट्या, फुटपाथवरची माणसं हे सगळं खरं आहे. नव्वदच्या दशकात तो भाग धुऊनपुसून पर्यटकांसाठी चकाचक केला गेला, त्यामुळे आज हा सिनेमा त्या गल्लीचा दस्तऐवज झालाय. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याची नवी प्रत तयार करून जतन केली आहे. बिअरवाल्यांनी याची नोंद घ्यावी. आणि भावाभावांतली ती चिवट, घुसमटवणारी माया? ती मला बड्या बॅनरच्या कित्येक सूडकथांपेक्षा खरी वाटते.

तिसरा, माझा सगळ्यात लाडका, ‘ब्लड रेज’. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये १९८३ साली शूट झाला आणि १९८७ पर्यंत पडून राहिला. गोष्ट अगदी आपल्या जुळ्या भावांच्या हिंदी सिनेमांची: एक भाऊ खून करतो, रक्त दुसऱ्याच्या अंगाला फासतो, आणि निरपराध पोरगा दहा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढतो. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या टर्की आणि क्रॅनबेरी सॉसच्या मेजवानीच्या सणाच्या दिवशी तो तिथून निसटतो, आणि त्याचा आळ घेता येईल म्हणून घरचा ‘गुणी’ भाऊ पुन्हा कुऱ्हाड-सुरे उपसतो. दोन्ही भूमिका मार्क सोपरने केल्यात आणि चांगल्या केल्यात. हातावरचं रक्त चाखून ‘हा काही क्रॅनबेरीचा सॉस नव्हे’ अशा थाटाचं वाक्य तो टाकतो, त्यावर या सिनेमाचे भक्त जीव ओवाळतात. माझा जीव मात्र आईवर आहे. लुईस लॅसर, म्हणजे वुडी अ‍ॅलनची पूर्वाश्रमीची पत्नी आणि सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन टीव्हीची मोठी नटी, या सिनेमात काय करतेय हा प्रश्न पडतोच. पण ती जीव ओतून काम करते. बाहेर माणसं कापली जातायत आणि ही बाई फ्रीजचं दार सताड उघडं टाकून, फरशीवर फतकल मारून हाताने उरलंसुरलं खात बसलीय. तो एक शॉट बघा. भयपटात एवढं खरं, एवढं केविलवाणं दृश्य मी क्वचितच पाहिलंय.

याचं संगीत रिचर्ड आइनहॉर्नचं आहे. नुसता सिंथेसायझर, पण कडक. याच माणसाने पुढे १९९४ मध्ये डॅनिश दिग्दर्शक ड्रेयरच्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ या मूकपटावरून ‘व्हॉइसेस ऑफ लाइट’ ही संगीतरचना केली, जी आज मोठमोठ्या सभागृहांत वाजते. एक सूचना: याच सिनेमाची ‘नाइटमेअर अ‍ॅट शॅडो वुड्स’ या नावाची प्रत मिळाली तर सोडून द्या, त्यात रक्तपात कापलेला आहे. अ‍ॅरो कंपनीने २०१५ मध्ये काढलेली ब्लू-रे घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर लावू नका, एवढं सांगायला नकोच.

आता एक फसलेला, तरीही बघण्यासारखा: ‘स्पूकीज’ (१९८६). हा एक सिनेमा नसून दोन आहेत. पहिला ‘ट्विस्टेड सोल्स’ नावाने दोन तरुण दिग्दर्शकांनी जवळपास पुरा केला होता. पैसे लावणाऱ्याशी त्यांचं बिनसलं, त्यांना बाजूला केलं, आणि तिसऱ्याच दिग्दर्शिकेकडून नवे प्रसंग शूट करून मध्ये मध्ये ठिगळासारखे जोडले. म्हणून एका सिनेमातली माणसं हवेलीत राक्षसांशी झुंजतात आणि दुसऱ्या सिनेमातला म्हातारा जादूगार शवपेटीतल्या नवरीची आळवणी करत बसतो. दोघांची गाठ पडत नाही, कारण ते एकत्र सेटवर नव्हतेच! तळघरातून चिखलाची भुतं उठतात तो प्रसंग मुळात गंभीर होता. निर्मात्याने नंतर त्यावर पादण्याचे आवाज चढवले. दिग्दर्शकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. तरी यातली कोळीण बघाच. एक बाई बघता बघता कोळीकिड्यात बदलते, माणसाला शोषून घेते आणि त्याचा चेहरा फुग्यातली हवा जावी तसा आकसत जातो. पैसा तिथे गेलाय, आणि सत्कारणी लागलाय. हवेलीही अस्सल आहे. अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांच्या घराण्याची, न्यूयॉर्कजवळच्या राय गावातली.

व्हिडिओ कॅमेऱ्यावर थेट शूट केलेल्या सिनेमांविषयी मी जरा कडू बोलणार आहे. हल्ली त्यांचं फार कौतुक होतं. डेव्हिड प्रायरचा ‘स्लेजहॅमर’ (१९८३) घ्या. ओसाड फार्महाउस म्हणून जे दाखवतात ते दिग्दर्शकाचं स्वतःचं बिऱ्हाड आहे हे कोऱ्या पांढऱ्या भिंती बघून कळतं. लांबी वाढवायला माणसं जिन्यावरून उतरतात तीसुद्धा स्लो मोशनमध्ये. ओक्लाहोमातला ‘ब्लड कल्ट’ (१९८५) थेट व्हिडिओच्या बाजारासाठी केलेला पहिला सिनेमा अशी स्वतःची जाहिरात करायचा. खर्च जेमतेम २७ हजार डॉलर. इतिहास म्हणून ठीक, पण बघताना जांभया. त्याच मंडळींचा ‘द रिपर’ तर मेकअपसम्राट टॉम सॅविनीच्या नावावर विकला गेला आणि सॅविनी उगवतो तो शेवटी, काही मिनिटांपुरता. याला आपल्याकडे शुद्ध फसवणूक म्हणतात.

यात तांत्रिक अडचणही आहे. १६ मिमीची निगेटिव्ह आज नव्याने स्कॅन केली तर तेव्हा कॅसेटवर कुणालाच न दिसलेले बारकावे दिसतात. व्हिडिओ टेपवर जे उतरलं तेवढंच उरतं, त्यात नवं काही सापडायचं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अपवाद एक देतो: ‘व्हिडिओ व्हायोलन्स’ (१९८७). गावात नवीन व्हिडिओचं दुकान टाकलेल्या जोडप्याला गिऱ्हाइकाने चुकून परत केलेली एक टेप सापडते, आणि तिच्यात खराखुरा खून चित्रित केलेला असतो. इथे टेपचा तो फिका, घरगुती पोत गोष्टीच्या कामाला आलाय. माध्यमाची गरिबी वापरून घेतली की ती खुपत नाही.

ब्रिटनने बंदी घातलेल्यांची यादी धरून बघू नका. कॅसेटींना सेन्सॉर लावणाऱ्या १९८४ च्या व्हिडिओ कायद्याच्या आगेमागे तिथे जो गहजब झाला, त्यात ‘डोन्ट गो इन द वुड्स’सारखे फुसके बारही बदनाम झाले. त्याच सिनेमाला २००७ मध्ये काहीही न कापता १५ वर्षांवरच्या प्रेक्षकांसाठी परवानगी मिळाली. बंदी नसती तर त्याचं नावही आज कुणी घेतलं नसतं.

राहता राहिले आपले. रामसे हीच कसोटी लावून बघा. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) पैसा गेला कॅमेरामन गंगू रामसेच्या रंगीत दिव्यांवर आणि धुरावर. राक्षस झालेला अजय अगरवाल तर असा मिळाला की मेकअप नावापुरता लागला. पण जगदीपच्या ‘शोले’ विडंबनावर जी रिळं खर्ची पडलीत ती बघून आजही चिडचिड होते. रामसेंच्या पलीकडे कुणी जात नाही याचं मात्र आश्चर्य वाटतं. मोहन भाखरी नावाचा माणूस तेव्हा सटासट भयपट काढत होता: ‘चीख’ (१९८५), ‘खूनी महल’ (१९८७), ‘कब्रस्तान’ (१९८८), ‘खूनी मुर्दा’ (१९८९). यातला ‘खूनी मुर्दा’ म्हणजे ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ची उचलेगिरी, आणि तीही रामसेंच्या ‘महाकाल’च्या कितीतरी आधी. विनोद तलवारचा ‘वही भयानक रात’ (१९८९) तसाच ‘फ्राइट नाइट’वरून बेतलेला. दोन्हींत मुखवटे बघवत नाहीत, गाणी नको तिथे येतात. मला विचाराल तर ‘चीख’ आधी घ्या, कारण त्यात भूत नाही, खुनी कोण याचं कोडं आहे, आणि मुखवट्यावर पैसे घालायची वेळच आलेली नाही.