स्ट्रेट-लेस्ड म्हणजे सरळ नव्हे, आवळलेला

प्रश्न असा आलाय की ऑफिसात नव्या मॅनेजरबद्दल कोणीतरी 'ही इज व्हेरी स्ट्रेट-लेस्ड' म्हणालं, तर माणूस सरळमार्गी असं समजायचं का? नाही हो, वागण्यात आणि नीतीत नको इतका काटेकोर असं समजायचं. देवनागरीत लिहिलं की घोटाळा दिसतच नाही, दोन्ही स्ट्रेट सारखेच. सरळ रेषेच्या स्ट्रेटमधे जी-एच असतं, हा बिनजीएचचा, म्हणजे अरुंद, घट्ट, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीला स्ट्रेट म्हणतात तोच (लॅटिनमधल्या ज्या स्ट्रिक्टसवरून हा आला त्यावरूनच आपला रोजचा 'स्ट्रिक्ट' पण). आणि लेस म्हणजे नाडी. तिकडे बायका अंगात घट्ट कापड घालून नाड्या करकचून आवळायच्या त्यावरून हा शब्द, आणि सोळाव्या शतकापासून तो माणसाच्या वागण्यालाही लागला. आता इतके लोक जी-एच घालून लिहितात की डिक्शनऱ्यांनीही ते चालवून घेतलंय.

मराठीत काय म्हणाल? मला तर लगेच 'सोवळा' आठवतो, कारण त्याचंही कपड्याशी नातं आहे आणि तोही स्वभावावर गेलेला. आमच्या आत्याकडे सदाशिव पेठेत सोवळ्याचं धोतर काठीने उंच दांडीवर वाळत घातलेलं असायचं आणि आम्ही पोरं खालून नुसतं गेलो तरी 'शिवू नका रे' म्हणून ओरडा. पण गंमत नकारात आहे. इंग्रजीत कोणी 'नॉट सो स्ट्रेट-लेस्ड' असला म्हणजे मोकळाढाकळा, बसून गप्पा मारता येतील असा, आणि मराठीत 'तो काही एवढा सोवळा नाही' म्हटलं की समजायचं, कुठेतरी हात मारलेला आहे! त्यामुळे डोळे झाकून भाषांतर करू नका.

कर्मठ म्हणाल तर तो पूजाअर्चा, व्रतवैकल्यं काटेकोर पाळणारा, आणि हिंदीवाले तर मेहनती कार्यकर्त्याला कौतुकाने कर्मठ म्हणतात, तो वेगळाच गोंधळ. सनातनी नकोच, त्यात धर्म आणि राजकारण येतं. कंझर्व्हेटिव्ह म्हणजेच स्ट्रेट-लेस्ड असंही नाही, खर्चाचा कंझर्व्हेटिव्ह, म्हणजे हात राखून केलेला अंदाज असतो तिथे स्ट्रेट-लेस्ड चालत नाही, हा फक्त वागणं आणि नीतीबिती याबद्दलचा शब्द, आणि बहुतेक वेळा थोडं नाक मुरडूनच वापरतात.

तुमच्या मॅनेजरना 'जुन्या वळणाचे' म्हणा, तोंडावरही चालेल. सोवळे म्हणायचं तर ते केबिनमधे गेल्यावर.